समुद्राकडची पडवी: छप्पर खाली आणा

"पश्चिमेला एक खोली काढायचीय, समुद्र दिसला पाहिजे," असं म्हणत येणारी बहुतेक मंडळी उंच छप्पर आणि वरपर्यंत काच मागतात. गुहागर-दापोलीकडे घरं बांधणारी मी या दोन्हीला ठाम नाही म्हणते. क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असतं: खुर्चीत बसल्यावर जमिनीपासून चारेक फुटांवर, उभं राहिल्यावर पाचेक. त्याच्या वर नुसतं आभाळ, आणि मे महिन्यात तिथून येतं ते डोळे दिपवणारं ऊन. म्हणून पागोळ्या पडतात ती कड साडेसहा फुटांवर आणा आणि वाशे भिंतीबाहेर तीन फूट काढा. समुद्र सगळा दिसतो, नैऋत्येची झडही बरीच बाहेर राहते. खिडकी मात्र दीड फुटापासूनच सुरू करा, म्हणजे पुळणही नजरेत येते. त्याच उंचीवर आत जांभ्याचा बसायला कट्टा घ्या. सरकत्या खिडक्या निम्म्याच उघडतात, तेव्हा बिजागऱ्यांवर पूर्ण उघडणाऱ्या दोन फळ्यांच्या लावा.

अर्थात आधी सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम. 2019 च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात भरतीरेषेपासून 200 मीटर, आणि चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त वस्ती असेल तिथे 50 मीटर, हा ना-विकास पट्टा. त्यात जुनं अधिकृत घर दुरुस्त करता येतं, पण जोतं वाढवता येत नाही. तिथे नवी खोली विसरा. आहे ती पडवीच मोकळी करा, तिच्यातली अडगळ काढली तरी खूप जागा निघते.

बाहेर काढलेल्या वाशांना वारा खालून उचलतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात छपरं कशी उडाली ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. भिंतीवर काँक्रीटचा पट्टा घ्या, त्यात बोल्ट सोडा, आडवं लाकूड त्याला आवळा आणि प्रत्येक वासा त्या लाकडाला पट्टीने बांधा. बोल्ट, बिजागऱ्या 316 दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या, कारण साध्या लोखंडाला खारा वारा टिकू देत नाही. काँक्रीटमध्ये पुळणीची वाळू अजिबात नको.

आणि पुढचे माड, सुरूचे वृक्ष तोडू नका. वारा तेच अडवतात. खोडांच्या मधून समुद्र दिसेल तशी खिडकीची जागा सरकवा. त्यासाठी पाया खणण्याआधी दोन बांबू आडवे बांधा, एक दीड फुटावर, एक साडेसहावर, आणि मागे खुर्ची टाकून बसा. डिसेंबरात सूर्य बराच दक्षिणेला बुडतो, जूनमध्ये तितकाच उत्तरेला. दोन्ही बाजूंना मान वळवून बघा, मगच मोरी कुठल्या कोपऱ्यात घालायची ते ठरवा.