कोरडवाहू वावरात पीकबदल कसा करावा?

विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याचे वर्षभराचे गणित बहुतांशी कपाशी आणि सोयाबीन या दोन पिकांवर बसवलेले असते. त्यामुळे २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, तेव्हा झळ केवळ शेतकऱ्याला बसली नाही, तर वेचणीला जाणाऱ्या मजूर बायांना आणि गावातल्या उधारीच्या दुकानालाही बसली. म्हणून पीकबदलाची आखणी करताना एकरी उत्पन्नाइतकाच, गावात कोणत्या महिन्यात पैसा आणि काम येईल, याचाही विचार करावा.

पहिल्याच वर्षी सगळे वावर बदलू नये. एखाद्या एकरापासून सुरुवात करावी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने शिफारस केलेली ६:१:२:१ ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. तीत कपाशीचे सहा तास (म्हणजे ओळी), ज्वारीचा एक, तुरीचे दोन आणि पुन्हा ज्वारीचा एक तास, असा क्रम धरावा. ज्वारीच्या कणसांवर उतरणारे पक्षी कपाशीवरच्या अळ्याही टिपतात, कडबा बैलांना होतो आणि तुरीचा पालापाचोळा जमिनीतच मुरतो. मात्र रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचा उपद्रव असलेल्या शिवारात एकट्याने ज्वारी पेरू नये. धुऱ्याला (बांधाला) धुरा लागून असलेल्या शेतकऱ्यांनी मिळून पेरल्यास जागलीच्या पाळ्या वाटून घेता येतात.

हातात लवकर पैसा हवा असल्यास कपाशीच्या दोन तासांमध्ये मूग किंवा उडीद घ्यावा. मूग साधारण ६० ते ६५ दिवसांत निघतो, म्हणजे डवरणी-निंदणीचा खर्च अंगावर आलेला असताना घरात थोडी रक्कम येते. पेरणीची घाई करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्यावरच तिफण धरावी. फरदडीचा, म्हणजे वेचणीनंतरही पऱ्हाटी (कपाशीची झाडे) राखून पुन्हा कापूस घेण्याचा, मोह टाळून डिसेंबरअखेर ती उपटावी, म्हणजे बोंडअळीचा जीवनक्रम तुटतो.

खरा फरक पडतो तो तूर गावातच भरडली गेल्यावर. याच विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल महिला बचत गटाला चालवता येते. तूर स्वच्छ करून, मिलमध्ये टरफल ओरखडून, तेल-पाणी चोळून, उन्हात नीट वाळवूनच भरडावी, कारण ओलसर तुरीचे टरफल सुटत नाही आणि चुरी वाढते. चुरी व कोंडा गावातल्याच दुभत्या जनावरांसाठी विकावा आणि त्याचा हिशेब डाळीच्या विक्रीपासून वेगळा ठेवावा.