जनुकीय तपासणीचा रिपोर्ट समजावताना या चुका टाळा

लाळेचा नमुना कुरिअरने पाठवायचा आणि मोबाईलवर पीडीएफ यायची वाट पाहायची, अशी जनुकीय तपासणी करून घेणारे आता नागपुरातही भेटतात. रिपोर्ट इंग्रजीत असतो. मग घरातला कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा ओळखीची नर्सताई तो समजावून सांगते. हा लेख अशा समजावणाऱ्यांसाठी आहे, आणि रिपोर्ट लिहिणाऱ्या लॅबसाठीही. विदर्भात सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे वाहक, एएस, एसएस हे शब्द घरोघरी पोचलेले आहेत. गफलत कुठे होते, तेही इथेच नीट दिसतं.

वाहकाला रुग्ण ठरवणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. हिमोग्लोबिनच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. एकाच प्रतीत सिकलचा बदल असेल तर माणूस एएस, म्हणजे वाहक. दोन्हींत असेल तर एसएस, म्हणजे आजार. वाहक सहसा ठणठणीत असतो. तरी रिपोर्टच्या माथ्यावर लाल अक्षरांत 'बदल आढळला' दिसलं की जुळत आलेलं लग्न मोडतं, आणि बोल बहुतेक वेळा मुलीलाच लागतो. हे अन्यायाचं आहे आणि टाळता येण्यासारखं आहे. पहिल्याच ओळीत लिहा: 'तुम्हाला आजार नाही. तुम्ही वाहक आहात. जोडीदाराचीही तपासणी करून घ्या.' जनुकाचं नाव खाली आलं तरी चालतं.

रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे का एवढंच पाहणाऱ्या शिबिरातल्या सोल्युबिलिटी चाचणीत वाहक आणि रुग्ण दोघेही पॉझिटिव्ह येतात. फरक इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या लॅबमधल्या चाचण्या केल्यावर कळतो. तोवर कोणालाही पक्कं काही सांगू नका.

टक्के सांगून मोकळं होणं

नवरा-बायको दोघेही एएस असतील तर मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के. हे ऐकून लोक हिशोब मांडतात: पहिलं मूल आजारी निघालं, म्हणजे पुढची तीन सुटली. तसं होत नाही. जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर मागचा टॉस हरलो म्हणून आजचा जिंकूच असं नसतं. इथेही प्रत्येक गरोदरपणात शक्यता नव्याने तेवढीच असते. हे वाक्य 'प्रत्येक वेळी' या शब्दांवर जोर देऊन सांगा.

कंपन्यांच्या रिपोर्टमध्ये वेगळा घोळ असतो. 'तुमचा धोका ५० टक्क्यांनी जास्त' वाचून माणूस हादरतो. समजा इतरांमध्ये १०० पैकी २ जणांना तो आजार होत असेल, तर या माणसासारख्या १०० जणांत ३ जणांना होईल. आकडा नेहमी '१०० पैकी किती' असाच सांगा, आणि ९७ जणांना होणार नाही हेही त्याच दमात सांगा.

'काही आढळलं नाही' म्हणजे निश्चिंत

आधी विचारा, शोधलं काय होतं? ट्वेंटीथ्री अँड मी या अमेरिकी कंपनीला २०१८ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित बीआरसीए जनुकांचा रिपोर्ट थेट ग्राहकांना द्यायची परवानगी मिळाली, तेव्हा त्यात फक्त ३ बदल तपासले जात. या जनुकांतले माहीत असलेले बदल हजाराहून जास्त, आणि ते तीन मुख्यतः अश्केनाझी ज्यू (मूळच्या युरोपातल्या ज्यू) समाजात सापडणारे. आपल्याकडच्या बाईला अशा कोऱ्या रिपोर्टवरून फारसं काही कळत नाही. आई-मावशीला कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

सिकलमध्येही हेच. एक जोडीदार एएस आणि दुसऱ्याची सोल्युबिलिटी निगेटिव्ह, म्हणून घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण ती चाचणी बीटा थॅलेसेमियाचा, म्हणजे हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा, वाहक पकडत नाही. एकाकडून सिकल आणि दुसऱ्याकडून बीटा थॅलेसेमिया आला तरी बाळाला आजार होऊ शकतो. म्हणून दुसऱ्या जोडीदाराचीही एचपीएलसी करा.

अनिश्चित निकालाला घाबरणं

'महत्त्व अनिश्चित' असा शेरा म्हणजे या बदलाने नुकसान होतं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. त्यावर ऑपरेशनचा किंवा लग्नाचा निर्णय घेऊ नये. पुढे माहिती वाढली की शेरा बदलतोही. वर्ष-दोन वर्षांनी लॅबला पुन्हा विचारा.

कच्चा डेटा दुसऱ्या वेबसाईटवर टाकणं

कच्चा डेटा म्हणजे कंपनीने वाचलेली, पण खात्री करून न घेतलेली जनुकांची माहिती; काहीजण ती उतरवून घेऊन दुसऱ्या वेबसाईटवर अर्थ शोधतात. २०१८ मध्येच अमेरिकेत अशा ४९ जणांचे नमुने दवाखान्याच्या दर्जाच्या लॅबमध्ये पुन्हा तपासले गेले. कच्च्या डेटात दिसलेल्या बदलांपैकी ४० टक्के प्रत्यक्षात नव्हतेच. म्हणून गंभीर काही दिसलं तर नवा नमुना देऊन खात्री करून घ्या.

'समजलं ना?' असं विचारणं

मोठ्या माणसांसमोर सगळे 'हो' म्हणतात. त्यापेक्षा म्हणा, 'काकू, घरी गेल्यावर काकांना काय सांगाल?' त्यांच्या तोंडून 'मला आजार आहे' असं आलं, तर पहिल्या ओळीपासून पुन्हा सांगा, शक्यतो दोन्ही जोडीदारांना एकत्र बसवून. आणि गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं होतं का, हे विचारायला विसरू नका; चढवलेल्या रक्तामुळे इलेक्ट्रोफोरेसिस आणि एचपीएलसीचा निकाल चुकू शकतो.