गॅस गिझर असलेल्या घरात धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा स्मार्ट अलार्म बसवताना

खरेदीआधी घरातून एक फेरी मारा आणि जिथे जिथे काही जळतं ते कागदावर लिहून काढा: स्वयंपाकाची शेगडी, गॅस गिझर, गावच्या घरी बंब किंवा चूल, थंडीत आत आणली जाणारी कोळशाची शेगडी, वीज गेल्यावर लावला जाणारा जनरेटर. देवघरातली समई आणि उदबत्तीही लिहा. गिझर बाथरूमच्या आत असेल तर अलार्म मागवण्याआधी तो बाहेर, उघड्या हवेत हलवून घ्या. बंद बाथरूममध्ये ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो, त्यामुळे आधी डोकं जड होतं, चक्कर येते आणि मग दाराची कडी काढायचंही त्राण उरत नाही. गिझर हलवण्याचं काम कोणताही अलार्म करू शकत नाही.

आता खरेदी. बाजारात ‘गॅस डिटेक्टर’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा एलपीजीची गळती ओळखणारं असतं. त्याला कार्बन मोनॉक्साइड कळत नाही, आणि हाच घोळ मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो, कारण ते भिंतीवर लावून घरचे निर्धास्त होतात. खोक्यावर काय ओळखतं ते नीट वाचा. धुरासाठी ईएन १४६०४ किंवा यूएल २१७, कार्बन मोनॉक्साइडसाठी ईएन ५०२९१ किंवा यूएल २०३४ हे मानक छापलेलं असावं. नुसतं ‘स्मार्ट’ लिहिलेलं पुरत नाही. धुराचा अलार्म फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशाच्या झोताने धूर ओळखणारा घ्या. गादी किंवा वायर धुमसत असते तेव्हा तो लवकर जागा होतो. स्वयंपाकघरात मात्र धुराचा अलार्म लावूच नका. मिरचीची फोडणी पडली की तो बोंबलणार, आणि वैतागून कोणीतरी बॅटरी काढून ठेवणार. तिथे उष्णता ओळखणारा अलार्म योग्य.

स्मार्टपणात पाहायचं ते एवढंच: इंटरनेट बंद असतानाही त्याचा भोंगा जोरात वाजला पाहिजे, आणि एक वाजला की घरातले बाकीचेही वाजले पाहिजेत. फोनवरचा निरोप ही वरची सोय. नेस्ट प्रोटेक्ट या आपल्या स्मार्ट अलार्मचं उत्पादन थांबवत असल्याचं गुगलने २०२५ मध्ये जाहीर केलं; मोठ्या कंपनीचं मॉडेलही असं बंद होतं, म्हणून ॲपविना निरुपयोगी होणारं यंत्र नको. बरीच यंत्रं २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, तेव्हा राउटरची सेटिंग आधी बघून ठेवा आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

बसवायच्या दिवशी जागा पेन्सिलने खुणावून मगच इलेक्ट्रिशियनला ड्रिल लावू द्या, कारण स्लॅबमधून वायरिंगचे पाइप गेलेले असतात. धुराचा अलार्म छतावर, पण पंख्याच्या वाऱ्यात नाही, कोपऱ्यात नाही, देवघराच्या वर नाही आणि शेगडीपासून निदान ३ मीटर लांब. कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळून पसरतो, म्हणून त्याचा अलार्म झोपायच्या खोल्यांजवळ आणि बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये; आत वाफेने सेन्सर खराब होतो. उंची कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली असते, तीच धरा. एलपीजीचा डिटेक्टर जमिनीपासून साधारण फूटभर वर, कारण तो वायू हवेपेक्षा जड. पाइपचा गॅस हलका, त्याचा छताजवळ. रंगकाम निघालं असेल तर ते आधी उरकून घ्या.

मग टेस्टचं बटण दाबा, पण सगळ्या खोल्यांची दारं लावून आणि पंखे चालू ठेवून. आजी-आजोबा कानातलं यंत्र काढून झोपत असतील तर तेही काढायला लावा. ऐकू आलं नाही तर त्यांच्या खोलीत वेगळा अलार्म हवा. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर असला तरी ॲपचा इशारा वाजेल, अशी परवानगी द्या. कार्बन मोनॉक्साइडच्या यंत्रापुढे उदबत्ती धरून ते बिघडलंय म्हणू नका. ईएन ५०२९१ प्रमाणे हवेत दहा लाखांत ५० भाग असतील तर ते तास-दीड तासाने वाजतं, ३०० भागांना मात्र ३ मिनिटांच्या आत. महिन्यातून एकदा बटण, अधूनमधून धूळ. मुदतीची तारीख मागच्या बाजूला असते. धुराचा अलार्म १० वर्षांनी बदलायचा, कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचा सेन्सर ५ ते १० वर्षांत संपतो.

एलपीजी गळतीचा १९०६, अग्निशमनचा १०१ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे आकडे फ्रिजवर चिकटवा. गळती असेल तर विजेच्या बटणांना हात लावायचा नाही, हे घरकामाच्या मावशींनाही सांगून ठेवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर दारं-खिडक्या उघडत सगळ्यांनी बाहेर पडायचं. कोणाला गरगरत असेल तर दवाखान्यात ‘गॅस गिझर चालू होता’ हे आवर्जून सांगा, कारण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर या विषबाधेतही ९८ दाखवू शकतो.