नव्या माशांसाठी वेगळी टाकी

म्हापसा किंवा मडगावच्या दुकानातून आणलेला मासा थेट मोठ्या टाकीत सोडू नका. आधी 4 आठवडे वेगळा ठेवा, म्हणजे त्याला रोग असला तर इतर माशांना लागत नाही. लहान माशांना 40 लिटरची टाकी पुरते. तळाशी वाळू नको: ती नसली की उरलेलं खाणं आणि विष्ठा लगेच दिसते, शिवाय औषध वाळूत शोषलं जात नाही. पण उघड्या काचेत मासा बिथरतो. म्हणून पीव्हीसी पाइपचे दोन-तीन तुकडे टाका, तीन बाजूंना काळा कागद लावा, दिवा मंद ठेवा. झाकण हवंच, घाबरलेला मासा उडी मारतो.

खरी गोम फिल्टरमध्ये आहे. कोऱ्या स्पंजात उपयुक्त जिवाणू नसतात, त्यामुळे तो अमोनिया (विष्ठा आणि उरलेल्या खाण्यातून सुटणारं विष) पचवत नाही, आणि अनेक मासे रोगाने नव्हे तर त्या अमोनियानेच दगावतात. स्पंज महिनाभर आधीच मोठ्या टाकीत चालू ठेवा. तरी सुरुवातीला रोज अमोनिया तपासा, 0.25 पीपीएम (दहा लाख भागांत पाव भाग) दिसला तरी 30 टक्के पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढा. जांभ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुधा मृदू, आम्लधर्मी असतं, तेव्हा पीएच मोजल्याशिवाय वापरू नका.

गोव्यात हीटर क्वचितच लागतो. बॅटरीवरचा एअर पंप मात्र पावसाळ्यात जवळ असू द्या, वीज कधी जाईल सांगता येत नाही. औषध लक्षणं दिसल्यावरच द्या, तेव्हा फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, तो औषध शोषून घेतो. जाळी आणि बादली वेगळी.