सूर्याकडे पाठ करून सूर्य मोजायचा

वर्ग मैदानात नेण्याआधी एक नियम फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा: पाठ सूर्याकडे, नजर प्रतिमेकडे. दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याला, वेदना कळत नाही. ते भाजत असतानाही मुलाला काही जाणवत नाही, म्हणून ते मान वळवत नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी, गॉगल, परातीतलं हळदीचं पाणी यांतलं काहीही चालत नाही. ‘आमचे आजोबा असंच बघायचे’ असं कुणीतरी हमखास म्हणतं. त्याला नीट उत्तर द्या: काळ्या काचेतून उजेड कमी येतो, म्हणून डोळ्याची बाहुली उलट मोठी होते, आणि न दिसणारे अवरक्त किरण मात्र आत शिरतात. आयएसओ १२३१२-२ (सूर्य थेट बघायच्या चष्म्यांचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणित ग्रहणचष्मा ओरखडा नसेल तर चालतो. पण तो घालून दुर्बिणीतून कधीही बघू द्यायचं नाही.

मोजमापासाठी आरशाचा प्रयोग सर्वांत चांगला. खिशात मावणारा सपाट आरसा घ्या. काळ्या कार्डपेपरला ५ मिमीचं भोक पाडून तो आरशावर चिकटवा. बाहेर उन्हात वाटीभर वाळूत आरसा रोवा. हवा त्या कोनात तो पक्का बसतो, हातात धरला तर प्रतिमा थरथरते. समोरच्या वर्गात भिंतीवर पांढरा ड्रॉइंगपेपर लावा आणि खिडक्यांवर सोलापुरी चादरी दुहेरी करून टांगा. चादरीतून फारसा उजेड येत नाही, येतो तो कडांच्या फटींतून. तिथे चिमटे लावा. आरसा ते कागद अंतर टेपने २० मीटर ठेवा आणि आरशावरून परतलेला उन्हाचा झोत कागदावर पाडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी साडेआठ ते साडेनऊ ही उत्तम वेळ. झोताच्या वाटेवर दोरी बांधा, आणि झोतात उभं राहून आरशाकडे बघायचं नाही हे दोनदा सांगा.

कागदावर सुमारे १९ सेंमीचा गोल पडतो. आता भोक चौकोनी कापून पुन्हा दाखवा. गोल गोलच राहतो! ही भोकाची नव्हे, सूर्याची प्रतिमा आहे हे मुलांना तिथेच पटतं.

कडा पुसट असते, म्हणून अंधुक कडेच्या बाहेरच्या टोकापर्यंत व्यास मोजा आणि त्यातून भोकाचे ५ मिमी वजा करा. समजा १९.२ सेंमी आला, तर उरले १८.७. आरशापासूनचं अंतर २००० सेंमी, भागिले १८.७ म्हणजे सुमारे १०७. प्रतिमा आरशापासून तिच्या व्यासाच्या जितक्या पट दूर, तितक्याच पट सूर्य त्याच्या व्यासाच्या दूर. सूर्य १४ कोटी ९६ लाख किमी दूर आहे, त्याला १०७ ने भागलं की व्यास येतो जवळपास १४ लाख किमी. खरा आकडा १३ लाख ९२ हजार. कागद झोताला तिरका असेल तर लंबगोल पडतो आणि मुलं लांब व्यास मोजून बसतात. आखूड व्यासच घ्यायचा. भोक मोठं केलं की प्रतिमा उजळते पण कडा बिघडते. सूर्यावरचे डाग यात दिसतील अशी आशा मुलांना लावू नका.

गोल सरकतो तेही वाया घालवू नका. सरकण्याच्या दिशेला काटकोनात रेघ मारा आणि पुढची कड टेकल्यापासून मागची कड सुटेपर्यंत स्टॉपवॉच लावा. सव्वादोन मिनिटांच्या आसपास वेळ येतो. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, यावरून सूर्य आकाशात साधारण अर्धा अंश व्यापतो हे अंतर न मोजताही निघतं.

सावलीसाठी शहाबादी फरशीवर १ मीटरची काठी ओळंबा लावून उभी करा. सोलापुरात दुपारची सर्वांत आखूड सावली २२ डिसेंबरला ८७ सेंमी, २१ मार्चला ३२ सेंमी भरते. २१ जूनला ती जेमतेम १० सेंमी असते, आणि दक्षिणेला पडते. सोलापूर १७.७ अंश उत्तरेला, म्हणून ११ मेच्या आसपास सूर्य डोक्यावरून उत्तरेला सरकतो आणि २ ऑगस्टच्या सुमारास परत येतो. ऑगस्टात ढग आड येतात, म्हणून शून्य सावली मेमध्येच दाखवा. सुट्टीत मुलांना बोलवावं लागलं तरी बोलवा. टोपी आणि पाणी सक्तीचं, उन्हात वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. बाराच्या ठोक्याला मात्र काठीला सावली असतेच. प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची, सोलापूर ७५.९ वर, म्हणून मेमधल्या त्या दिवशी सूर्य माथ्यावर येतो १२ वाजून २३ मिनिटांच्या सुमारास.