राष्ट्रीय युद्धस्मारकात आपल्या माणसाची वीट कशी शोधावी

दिल्लीत इंडिया गेटच्या पूर्वेला राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी त्याचं उद्घाटन झालं. आत एकाभोवती एक अशी चार चक्रं आहेत: अमरचक्र, वीरताचक्र, त्यागचक्र आणि रक्षकचक्र. नावं आहेत ती त्यागचक्रात. चक्रव्यूहासारख्या मांडलेल्या ग्रॅनाइटच्या सोळा भिंती, आणि एकेका जवानासाठी त्यात स्वतंत्र वीट. विटेवर सोनेरी अक्षरांत नाव. उद्घाटनाच्या वेळी अशी २५,९४२ नावं होती, आणि त्यानंतर दुर्दैवाने भर पडतच गेली आहे.

सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांतला एक माणूस या भिंतींवर आहे. त्याची वीट बघायला आई, पत्नी, भाऊ येतात, तेव्हा सोबत कुणीतरी असतं: पुतण्या, जावई, गावचा माजी सैनिक किंवा दिल्लीत नोकरी करणारा ओळखीचा मराठी मुलगा. हा लेख त्या सोबत्यासाठी आहे. शोधाचं निम्म्याहून जास्त काम दिल्लीची गाडी पकडण्याआधी, घरी बसून करायचं असतं. ते झालं नाही तर सत्तरीतल्या आजींना उन्हात या भिंतीवरून त्या भिंतीवर फिरावं लागतं, आणि ते आपण टाळायलाच हवं.

नाव याच स्मारकात आहे ना?

आधी हे ठरवा. इथे स्वातंत्र्यानंतरची नावं आहेत: १९४७-४८चं काश्मीर, १९६२, १९६५, १९७१, सियाचीन, श्रीलंकेतली शांतिसेना, कारगिल आणि दहशतवादाविरुद्धच्या कारवाया. त्यामुळे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले असतील, तर त्यांची वीट इथे मिळणार नाही. इंडिया गेटवर त्या काळातली तेरा हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत. त्यांत वायव्य सरहद्दीवर आणि १९१९च्या अफगाण युद्धात पडलेले पुष्कळ आहेत. फ्रान्समध्ये पडलेले आणि ज्यांची कबर माहीत नाही असे जवान नव्ह-शापेलच्या स्मारकावर आहेत. इराकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियात, गेलेल्यांसाठी बसऱ्याचं स्मारक आहे. तिथल्याच कूट शहराच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या, म्हणून महाराष्ट्रातल्या घरांनी बसऱ्याची नोंद जरूर तपासावी. साताऱ्याच्या अपशिंगे गावातले एकट्या पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले. या सगळ्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात.

दुसरी गफलत खात्याची होते. गावात सगळ्यांनाच आपण फौजी म्हणतो, पण सीआरपीएफ, बीएसएफ आणि पोलीस दलातल्या हुतात्म्यांची नावं चाणक्यपुरीतल्या राष्ट्रीय पोलीस स्मारकात आहेत. ते २१ ऑक्टोबर २०१८ला खुलं झालं आणि तिथे शौर्याची स्वतंत्र भिंत आहे. युद्धस्मारकात दुपारभर शोधून शेवटी हे कळलं, तर घरच्यांचा फार विरस होतो.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण बोलावी लागते. सेवेत असताना आजाराने किंवा साध्या अपघातात मृत्यू झाला असेल, तर लष्कराच्या कागदात त्याची नोंद वेगळी होते. युद्धात किंवा कारवाईत आलेल्या मरणाला तिथे ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणतात, आणि स्मारकातली वीट अशांसाठी आहे. कागदावर काय लिहिलंय ते आधी एकट्याने वाचा. नाव नसणार असं दिसलं तर ते घरीच, शांतपणे सांगा. भिंतीसमोर उभं करून नको.

नंबर हाती घ्या

नाव फसवतं. घरी सगळे ज्यांना नाना म्हणतात, ते कागदावर ज्ञानदेव असतात, आणि हिंदी भाषक कारकुनाने भरती करून घेतलं असेल तर ग्यानदेवही. इंग्रजी अक्षरांत जाधवच्या शेवटी व्ही लागतो किंवा ओ. भोसलेमधलं ‘सले’ कधी एसएलई असं, तर कधी मध्ये ए घालून. पाटीलमध्ये एक आय किंवा दोन ई. कुणाच्या नावात वडिलांचं नाव येतं, कुणाच्या येत नाही. दत्तक गेलेल्या किंवा मामाकडे वाढलेल्या मुलाचं आडनावच दुसरं असू शकतं.

म्हणून लष्करी नंबर शोधा. तो पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, असतो. जुन्या तारेत, रेकॉर्ड ऑफिसच्या, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेजिमेंटच्या कार्यालयाच्या, पत्रात, पदकाच्या कडेवर किंवा ट्रंकेच्या झाकणावर रंगवलेलाही सापडतो. नंबराच्या शेवटी एखादं इंग्रजी अक्षर असेल तर तेही उतरवून घ्या, तो नंबराचाच भाग असतो. आणखी एक लक्षात ठेवा: हवालदाराचा नायब सुभेदार झाला की नंबर बदलतो आणि पुढे ‘जेसी’ लागतं. शेवटच्या हुद्द्याचा नंबर हाच कामाचा.

घरात काहीच मिळालं नाही तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. गावाकडे त्याला अजूनही सैनिक बोर्डच म्हणतात. तिथून किंवा थेट रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडून नोंद मिळते. मराठा लाइट इन्फंट्रीचं ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशातल्या सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. अर्ज पत्नी, आई-वडील किंवा मुलांच्या नावाने करा. उत्तराला वेळ लागतो, तेव्हा तिकीट काढण्याच्या बऱ्याच आधी हे काम उरका.

नंबर, पूर्ण नाव, हुद्दा, पलटण, वीरमरणाची तारीख आणि ठिकाण एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. पलटण लिहिताना मूळची आणि शेवटची, दोन्ही लिहा. काश्मीरमध्ये गेलेले पुष्कळ जवान राष्ट्रीय रायफल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या दहशतवादविरोधी दलात, मूळ पलटणीतून काही वर्षांसाठी पाठवलेले असतात. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करत होते, पण त्यांची मूळ पलटण २१ पॅरा. घरच्यांना बहुतेक वेळा एकच नाव आठवतं. ते सापडलं नाही की वाटतं, आपला माणूस इथे नाहीच.

प्रत्यक्ष स्मारकात

प्रवेशाला तिकीट नाही. केंद्रीय सचिवालय मेट्रो स्टेशनवरून येता येतं, पण तिथून इंडिया गेटपर्यंतचं अंतर वयस्कर माणसाला जड जातं, रिक्षा करा. परिसर मोठा आणि भिंतींच्या भागात सावली नाही. दिल्लीच्या उन्हाळ्यात सकाळी किंवा ऊन कलल्यावरच न्या. व्हीलचेअर लागणार असेल तर आधी फोन करून विचारा. येण्याच्या दिवशी स्मारक उघडं आहे ना, हेही त्याच फोनवर विचारा, कारण २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या आसपास तिथली व्यवस्था बदलते.

आत गेल्यावर लगेच भिंतीकडे वळू नका. नाव शोधायला तिथे टचस्क्रीन आहेत. ज्येष्ठांना बसवा, पाणी द्या आणि तुम्ही एकटे स्क्रीनपाशी जा. नाव टाकताना आधी फक्त आडनाव टाकून बघा, मग वेगवेगळी स्पेलिंगं. एकाच नावाचे अनेक जवान निघतात. कागदाशी ताडून आपला कोणता ते पक्कं करा आणि स्क्रीनचा फोटो काढा. अडलंच तर ड्यूटीवरच्या जवानाला कागद दाखवा. हे जवान मनापासून मदत करतात, आणि नंबर-पलटण हातात असेल तर त्यांचंही काम सोपं होतं.

मग तुम्ही स्वतः जाऊन वीट बघून या. ही पायरी गाळू नका. भिंतीच्या एका टोकापासून सुरुवात करा, एकेक ओळ पूर्ण वाचा, मध्येच उडी मारू नका. सोनेरी अक्षरांवर ऊन चमकत असेल तर दोन पावलं बाजूला सरकून तिरकं बघा. वीट किती उंचीवर आहे हेही बघून ठेवा: खाली असेल तर आजींना वाकता येईल का, उंच असेल तर हात पोचेल का.

वीट सापडली की घरच्यांना घेऊन या, पण बोट लगेच ठेवू नका. ‘काकी, या ओळीत बघा’ एवढंच म्हणा आणि अर्धं पाऊल मागे राहा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मात्र नाव मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांचा हात धरून विटेपर्यंत न्या. पुढची दहा-पंधरा मिनिटं सूचना, घाई, फोन काहीही नको. रडू आलं तर येऊ द्या.

फोटो नंतर काढा. एक विटेचा, समोरून सरळ. एक आजूबाजूच्या विटांसह, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणाला पुढच्या वेळी जागा ओळखता येईल. एक घरच्यांसोबत. विटेला हळदकुंकू लावणं, हार चिकटवणं, कागद ठेवून पेन्सिलने ठसा घेणं यांतलं काही करू नका. फुलं आणली असतील तर कुठे वाहायची ते ड्यूटीवरच्या जवानाला विचारा.

स्मारकात रोज सूर्यास्ताच्या सुमारास रिट्रीटचा कार्यक्रम होतो, आणि हुतात्म्याच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहण्याचीही तिथे प्रथा आहे. तुमच्या घरच्यांना तो मान मिळावा असं वाटत असेल, तर रेकॉर्ड ऑफिस किंवा सैनिक बोर्डाकडे आधीच पत्र द्या. ऐन वेळी जाऊन मागू नका.

नावात चूक असेल किंवा कागदाप्रमाणे असायला हवं ते नाव नसेल, तर तिथल्या जवानाशी वाद घालण्यात अर्थ नाही; दुरुस्ती त्याच्या हातात नसते. विटेचा किंवा स्क्रीनचा फोटो, पीपीओची प्रत आणि मृत्यूबद्दलचं लष्कराचं पत्र जोडून वारसाच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज पाठवा, एक प्रत सैनिक बोर्डाला द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या.