लाइट गेली? गिटार काढा

लातूरला उन्हाळ्यात लाइट गेली की आम्ही गच्चीवर पळतो. गिटारही सोबत घ्या. अंधारात फ्रेटबोर्ड (दांडीची बोटं दाबायची बाजू) दिसत नाही, म्हणून बोटांना आपली वाट आपणच शोधावी लागते.

सुरुवात एकाच तारेवर. पहिली ते चौथी फ्रेट (धातूच्या दोन पट्ट्यांमधलं घर, गिटारच्या डोक्याकडून मोजायचं), चार बोटं, मोबाइलवर मेट्रोनोम (ठोके देणारं ॲप) 60 ला, म्हणजे मिनिटाला 60 ठोके, एका ठोक्याला एक सूर. सूर खरखरला तर बोट पट्टीपासून लांब पडलंय. पट्टीच्या अगदी मागे टेकवा, कमी दाबातही स्वच्छ वाजतो. वाजवून झालेलं बोट हवेत उडवू नका; निम्मा वेग तिथंच वाया जातो. (माझी करंगळी अजून उडते.)

खरी फजिती होते उडी मारताना. पहिल्या फ्रेटवरून पाचव्या फ्रेटवर जायचं असेल तर बोट उचलू नका. दाब सोडा आणि तारेवरूनच घसरत न्या, अंगठाही मागून येऊ द्या. बरोबर पोचलात का, ते कानानं तपासा: नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये पाचव्या फ्रेटचा सूर शेजारच्या बारीक मोकळ्या तारेशी जुळतो. तिसऱ्या तारेवर (बारीक तारेकडून मोजून) मात्र चौथी फ्रेट धरा. जुळला नाही तर मान वाकवू नका, घसरत घसरत सूर शोधा.

सलग तीनदा बिनचूक वाजलं की मेट्रोनोम 4 नं वाढवा. अडखळलात तर 8 नं खाली या. मग त्याच ठोक्यावर तबलजीसारखी दुगुन (एका ठोक्याला दोन सूर) करून बघा. घाई करू नका, लाइट काही लगेच येत नाही.